प्लग बदलण्याआधी प्लग वाचा

ट्रॅक्टर म्हटला की आपल्याला डिझेलचाच ट्रॅक्टर आठवतो, आणि डिझेलच्या ट्रॅक्टरला स्पार्क प्लग नसतो. त्यामुळे ज्यांच्या घरी शेती आहे असे पालक हा लेख पाहून म्हणतील, की या मुलाने ट्रॅक्टर कधी जवळून पाहिलेला दिसत नाही! पण पाहिला आहे. आमच्या शाळेच्या एमटी शेडमध्ये एक जुना, राखाडी रंगाचा फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे. तो पेट्रोलवर चालतो, त्याला चार स्पार्क प्लग आहेत आणि क्रीडांगणावरचा रोलर आजही तोच ओढतो. यंदा हॉबी क्लबमध्ये आम्हा सहा कॅडेट्सना एमटीच्या हवालदार उस्तादांच्या हाताखाली त्याच्यावर काम करायला मिळाले. त्यातून जे शिकलो ते इथे सांगतो.

सांगायचा मुद्दा एकच आहे. स्पार्क प्लग स्वस्त असतो आणि चटकन बदलता येतो. म्हणून इंजिन मिस मारायला लागले की सगळ्यात आधी प्लग बदलला जातो आणि जुना प्लग न पाहताच फेकला जातो. खरे तर इंजिनच्या आत जिथे पेट्रोल जळते, तिथे बसून सगळे पाहिलेला आणि एका पान्याने बाहेर काढता येणारा तो एकमेव भाग आहे. आमचे उस्ताद म्हणतात, "पहले देखो, फिर फेंको." या एका वाक्याचा अर्थ आम्हाला तीन महिन्यांत समजला.

डिझेलला प्लग का नसतो?

डिझेल इंजिनमध्ये पिस्टन फक्त हवा दाबतो, आणि ती मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते विसाव्या भागाएवढी दाबली जाते. इतक्या दाबाने हवा एवढी तापते, की त्यात डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. ठिणगीची गरजच उरत नाही. काही डिझेल गाड्यांत ग्लो प्लग असतो, पण तो थंडीत सुरू होताना आतली हवा तापवण्यापुरता. तो ठिणगी टाकत नाही.

पेट्रोल इंजिनमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ आधीच मिसळून आत येते. हे मिश्रण डिझेलइतके दाबले, तर ते वेळेआधीच पेट घेईल. म्हणून जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरमध्ये दाब कमी ठेवलेला असतो, साधारण सहास एक. एवढ्या दाबाने मिश्रण आपोआप पेटत नाही. ते नेमक्या क्षणी पेटवायला ठिणगी लागते, आणि ती स्पार्क प्लग देतो.

हा ट्रॅक्टर कोणता?

आमचा ट्रॅक्टर फर्ग्युसन टीई-२० या जातीचा आहे. हा ट्रॅक्टर इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरात १९४६ ते १९५६ या काळात तयार होत असे आणि एकूण पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तिथून बाहेर पडले. हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची जी रचना केली, ती याच ट्रॅक्टरमुळे जगभर पसरली. आज आपल्या गावातल्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन पाहा, तीच तीन ठिकाणची जोडणी दिसेल. फर्ग्युसन हे नावही आपल्याकडे अनोळखी नाही. १९६० साली सुरू झालेल्या चेन्नईच्या टॅफे कंपनीने बनवलेले मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्या शेतांत अनेक वर्षे चालत आले आहेत. ते अर्थातच डिझेलचे.

टीई-२० पेट्रोलवर, रॉकेलसारख्या स्वस्त इंधनावर आणि पुढे डिझेलवर चालणारा अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळत असे. रॉकेलवाला ट्रॅक्टर आधी पेट्रोलवर सुरू करायचा आणि इंजिन चांगले तापले की रॉकेलवर आणायचा, अशी पद्धत होती.

कॅडेट मित्रांना आवडेल अशी या ट्रॅक्टरची एक गोष्ट आहे. १९५३ साली तेनझिंग नोर्गे यांच्याबरोबर एव्हरेस्ट सर करणारे एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले, ते तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन! बर्फावर चालावेत म्हणून त्यांना रणगाड्यासारखे पट्टे बसवले होते. तुकडीत पाच जण होते आणि अंतर सुमारे २००० किलोमीटर. वाहनांनी जमिनीवरून दक्षिण ध्रुव गाठणारी ती जगातली पहिली तुकडी. एवढ्या प्रवासात वाटेत ना गॅरेज, ना दुकान. जे काही बिघडेल ते स्वतः ओळखायचे आणि स्वतः दुरुस्त करायचे. शेतासाठी बनवलेले साधे इंजिन तिथवर गेले, याचे एक कारण हेच आहे की त्यातला प्रत्येक भाग माणसाला हाताने उघडून पाहता येत होता.

प्लग नक्की करतो काय?

प्लगच्या मधोमध एक इलेक्ट्रोड असतो. त्याच्याभोवती पांढऱ्या चिनीमातीसारख्या सिरॅमिकचे कवच असते, म्हणजे वीज बाजूला पळत नाही. बाहेरचा धातूचा भाग आट्यांनी हेडमध्ये बसतो आणि त्याच्या टोकाला वाकवलेला दुसरा इलेक्ट्रोड असतो. या दोघांमधल्या फटीला गॅप म्हणतात. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये दहा हजारांच्या वर चढतात, डिस्ट्रिब्युटर ते पाळीपाळीने एकेका सिलिंडरकडे पाठवतो, आणि वीज गॅप ओलांडून उडी मारते. तीच ठिणगी.

एक सोपे गणित करून पाहू. आमचे इंजिन फोर स्ट्रोक आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर एक प्लग मिनिटाला ७५० ठिणग्या देतो. सेकंदाला साडेबारा. तासाभरात ४५ हजार. त्यातली एखादी चुकली तर कळतही नाही. दहातली एक चुकायला लागली की रोलर ओढताना ट्रॅक्टर आचके देतो, आणि मग म्हणायचे, गाडी मिसिंग मारते.

प्लग कसा निवडायचा?

दुकानात जाऊन "जुन्या ट्रॅक्टरचा प्लग द्या" असे म्हणून चालत नाही. चार गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट आट्यांची जाडी. आमच्या ट्रॅक्टरला १४ मिलिमीटरचे आटे आहेत. काही जुन्या इंजिनांना १८ मिलिमीटरचे असतात. इथे सहसा चूक होत नाही, कारण चुकीचा प्लग बसतच नाही.

दुसरी गोष्ट आट्यांची लांबी, म्हणजे रीच. इथे मात्र धोका आहे, कारण जाडी तीच आणि लांबी वेगळी असलेला प्लग व्यवस्थित बसतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. आमच्या हेडला १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाचा रीच लागतो. बाजारात त्याच जाडीचे १९ मिलिमीटर रीचचे प्लग सहज मिळतात. असा लांब प्लग बसवला तर त्याचे टोक आत बाहेर येते. ते पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला आपटू शकते. आपटले नाही तरी उघड्या आट्यांवर कार्बन बसतो आणि नंतर प्लग काढताना तो हेडचे आटे घेऊनच बाहेर येतो. उलट आखूड प्लग बसवला तर ठिणगी खड्ड्यात पडते, मिश्रण नीट पेटत नाही आणि हेडच्या मोकळ्या आट्यांत कार्बन भरतो. म्हणून नवा आणि जुना प्लग शेजारी उभे धरून लांबी पाहायची. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि तिच्यामुळे इंजिन वाचते.

तिसरी गोष्ट उष्णता, म्हणजे हीट रेंज. प्लगचे टोक फार थंड राहिले तर त्यावर काजळी साचते. साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की काजळी आपोआप जळून जाते. पण ८५० अंशांच्या पुढे गेले तर तापलेले टोकच निखाऱ्यासारखे काम करते आणि मिश्रण ठिणगीआधी पेटते. म्हणजे प्लग या दोन मर्यादांच्या मध्ये राहायला हवा. सिरॅमिकचे नाक लांब असेल तर उष्णता बाहेर जायला उशीर लागतो, तो हॉट प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो कोल्ड प्लग. हळू चालणाऱ्या, कमी दाबाच्या जुन्या ट्रॅक्टरला हॉट बाजूचा प्लग लागतो. शर्यतीच्या मोटारसायकलला कोल्ड लागतो.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग कोल्ड. बॉशच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग हॉट. म्हणजे एका कंपनीचा ६ आणि दुसरीचा ६ हे एकसारखे नव्हेत. आकडा पाठ करून दुकानात जाण्यापेक्षा कंपनीचा तुलनेचा तक्ता पाहावा. प्लगवरची अक्षरेही वाचता येतात. उदाहरणार्थ, एनजीकेच्या बी६एचएस या प्लगमध्ये बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ६ म्हणजे उष्णतेची पायरी आणि एच म्हणजे १२.७ मिलिमीटर रीच. एचच्या जागी ई असेल तर रीच १९ मिलिमीटर. एका अक्षराचा फरक, पण तोच पिस्टनला आपटणारा!

चौथी गोष्ट गॅप. नवा प्लग खोक्यातून काढला की गॅप बरोबरच असेल असे धरून चालू नये. आम्ही ०.७५ मिलिमीटर ठेवतो. कॉइल असलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनांत ती साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते, आणि आपल्या इंजिनच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच अंतिम. गॅप मोठी झाली तर जास्त दाबाची वीज लागते आणि चढावर, ओझ्याखाली ठिणगी चुकते. फार लहान असेल तर ठिणगी दुबळी पडते आणि इंजिन हळू चालताना अडखळते.

प्लग वाचायचा कसा?

प्लग काढले की ते त्याच क्रमाने मांडून ठेवायचे. आम्ही पुठ्ठ्याला चार भोके पाडून १ ते ४ आकडे घातले आहेत. क्रम चुकला तर वाचन वाया जाते, कारण कोणत्या सिलिंडरने काय सांगितले हेच कळत नाही. दुसरे म्हणजे, नुसते सुरू करून लगेच बंद केलेल्या इंजिनचा प्लग खरे बोलत नाही. थोडा वेळ नेहमीचे काम करून बंद केलेल्या आणि मग थंड झालेल्या इंजिनचा प्लग पाहायचा.

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसले तर सगळे ठीक आहे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. त्याआधीच्या पुस्तकांतल्या चित्रांपेक्षा आजचा चांगला प्लग थोडा फिकट दिसतो, हे लक्षात ठेवावे.

टोक कोरडे काळे, बोटाला काजळी लागेल असे असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी होत आहे. चोक अडकला आहे का, एअर फिल्टर तुंबला आहे का, ट्रॅक्टर तासन्‌तास नुसता स्लोवर उभा असतो का, हे पाहावे. चारही प्लग असे असतील तर दोष कार्ब्युरेटरकडे किंवा फिल्टरकडे. एकच असेल तर त्या सिलिंडरची वायर किंवा तो प्लग.

टोक काळे पण ओले आणि तेलकट असेल, तर इंजिनचे ऑइल आत येत आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले असतील. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर शंका पक्की होते. टोक ओले आहे आणि पेट्रोलचा वास येतो, तर त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडतच नाही.

टोक पांढरेफटक, त्यावर बारीक फोड किंवा वितळल्याच्या खुणा असतील तर ती सगळ्यात गंभीर खूण. प्लग जास्त हॉट आहे, मिश्रणात पेट्रोल कमी आहे, टायमिंग चुकले आहे, इंजिन तापते आहे किंवा प्लग नीट कसलेला नाही. असा ट्रॅक्टर कारण सापडेपर्यंत कामावर काढू नये, कारण यानंतर पाळी पिस्टनची असते.

इलेक्ट्रोडचे कोपरे झिजून गोल झाले असतील आणि रंग चांगला असेल, तर प्लगचे वय झाले. त्याने आपली नोकरी पूर्ण केली. फक्त अशा वेळी नुसता प्लग बदलणे हे पूर्ण उत्तर आहे.

तिसऱ्या सिलिंडरची गोष्ट

आमचा ट्रॅक्टर पावसाळ्यानंतर मिस मारत होता. चारही प्लग नवे बसवले होते. दोन आठवडे तो छान चालला आणि पुन्हा आचके द्यायला लागला. पुन्हा चार नवे प्लग आले, पुन्हा तेच. एका प्लगची किंमत शे-दोनशे रुपये. आठ प्लग झाले, पण दोष जागच्या जागी. त्यानंतर हे काम हॉबी क्लबकडे आले.

प्लग काढून पुठ्ठ्यावर मांडले. १, २ आणि ४ तपकिरी. ३ काळा आणि तेलकट. उस्तादांनी विचारले, "दोष प्लगमध्ये आहे, वायरमध्ये आहे की सिलिंडरमध्ये?" आमच्यात तीन मते पडली. मग त्यांनी सांगितले, की मत देऊ नका, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाहा.

आधी तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरचे प्लग साफ करून अदलाबदल केले. दोष प्लगमध्ये असता तर तो प्लगबरोबर पहिल्या सिलिंडरमध्ये गेला असता. चार दिवस रोलर ओढल्यावर पाहिले, तिसऱ्या सिलिंडरमधलाच प्लग तेलकट होता. मग तिसऱ्याची वायर बदलली. फरक नाही. म्हणजे दोष सिलिंडरमध्येच.

त्यानंतर कॉम्प्रेशन तपासले. चारही प्लग काढले, इग्निशन तोडले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि एकेका भोकात दाबाचे गेज लावून स्टार्टरने इंजिन फिरवले. १, २, ४ जवळपास सारखे आले, ३ स्पष्ट कमी. आता तिसऱ्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडले आणि पुन्हा मोजले. दाब वाढला! ऑइलने पिस्टन आणि सिलिंडरमधली फट तात्पुरती बुजते. दाब व्हॉल्व्हमधून गळत असता तर ऑइल टाकून काहीच फरक पडला नसता. म्हणजे रिंगा.

रिंगांचे काम मोठे असते. हेड उतरवावे लागते, खालचा सम्प काढावा लागतो. ते होईपर्यंत रोलर थांबवणे शक्य नव्हते, कारण वार्षिक क्रीडा स्पर्धा जवळ आल्या होत्या. म्हणून उस्तादांनी फक्त तिसऱ्या सिलिंडरला एक पायरी जास्त हॉट प्लग बसवला, म्हणजे त्यावरचे ऑइल जळत राहील. पण तो प्लग बसवतानाच त्यांनी लॉगबुकात लाल शाईने लिहिले, "तात्पुरता. रिंगा बाकी." कुबडी घेतली म्हणजे पाय बरा झाला असे नव्हे, हे पुढच्या माणसाला कळावे म्हणून.

सुट्टीत इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या रिंगा खाचांमध्ये कार्बनने चिकटून बसलेल्या सापडल्या. त्या हलतच नव्हत्या, मग ऑइल कसे खरवडणार? खाचा साफ करून नव्या रिंगा घातल्या आणि तिसऱ्याला इतर तिघांसारखाच नेहमीचा प्लग बसवला. आता दोन महिने झाले. पुठ्ठ्यावर चारही प्लग एकाच रंगाचे दिसतात.

प्लग बदलण्याची पद्धत

ज्यांच्याकडे जुना पेट्रोल ट्रॅक्टर नाही, त्यांनाही ही पद्धत मोटारसायकल किंवा जनरेटरसाठी उपयोगी पडेल.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला लाकडी ठोकळा, बॅटरीची एक वायर सुटी.

प्लगच्या वायरींना आकडे लावा. आमच्या इंजिनचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन धडधडते, कार्ब्युरेटरमधून भडका मागे येतो. वायर ओढताना टोपी धरा, तार ओढू नका.

प्लग अर्धा फेरा सैल करा आणि थांबा. त्याच्याभोवतीच्या खड्ड्यात माती, वाळू, गवताच्या काड्या असतात. त्या ब्रशने आणि हवेने साफ करा, मगच प्लग पूर्ण काढा. नाहीतर ती वाळू सरळ सिलिंडरमध्ये जाते. पाना प्लगवर सरळ बसवा. तिरका बसला तर सिरॅमिक तडकते.

गॅप फिलर गेजने तपासा. जुन्या प्लगचा बाहेरचा इलेक्ट्रोड मध्ये झिजून खोलगट झालेला असतो, तिथे चपट्या पट्टीपेक्षा गोल तारेचे गेज खरे माप देते. वाकवायचा तो फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड. मधल्याला जोर लावला की सिरॅमिक फुटते. जमिनीवर पडलेला प्लग नवा असला तरी बसवू नका, कारण आतली चीर डोळ्यांना दिसत नाही.

नवा प्लग आधी हातानेच फिरवा, पाना न लावता. तो शेवटपर्यंत मऊ फिरला पाहिजे. मध्येच अडला तर आटे तिरके बसत आहेत. काढा, पुन्हा बसवा. हाताने पूर्ण बसल्यावर नवा वॉशर असेल तर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच जुना प्लग, दबलेल्या वॉशरसह परत बसवत असाल तर बारावा भागच फेरा. टॉर्क पाना असेल तर बिडाच्या हेडमधल्या १४ मिलिमीटरच्या प्लगसाठी साधारण २५ ते ३५ न्यूटन मीटर. ढिला प्लग तापतो आणि जास्त कसलेला प्लग आटे खातो. "आणखी थोडा" हा शब्द इथे नको.

उघड्या प्लगला वायर लावून ठिणगी पाहण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. प्लगच्या मोकळ्या भोकातून त्या वेळी पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि हजारो व्होल्टचा झटका हाताला बसू शकतो. ही तपासणी कॅडेट्सनी स्वतः करू नये. उस्ताद असतील तरच, आणि ठिणगी तपासायचे साधन वापरूनच.

शेवटी तारीख, इंजिनचे तास, कोणता प्लग, किती गॅप आणि जुन्या चार प्लगचे रंग लॉगबुकात लिहा. सैन्यात गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हर रोज फर्स्ट परेड करतो, त्यामागे हाच विचार आहे. एका दिवसाच्या नोंदीतून फारसे कळत नाही. पाच नोंदी शेजारी ठेवल्या की इंजिन कुठे चालले आहे ते दिसते. आमच्या तिसऱ्या सिलिंडरचा रंग पहिल्या बदलाच्या वेळीच कुणी लिहिला असता, तर आठ प्लग लागले नसते.

डिझेल ट्रॅक्टरच्या देशात हे ज्ञान कशाला, असे कुणी विचारेल. लष्कराच्या जोंगाला सहा स्पार्क प्लग होते, जिप्सीला चार आहेत. घरच्या स्कूटरला, फवारणीच्या पेट्रोल पंपाला, गवत कापायच्या यंत्राला, दुकानातल्या छोट्या जनरेटरला प्लग आहेच. इंजिन लहान असो वा मोठे, प्लगची भाषा तीच. पालकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी मेकॅनिक तुमच्या मोटारसायकलचा प्लग बदलेल, तेव्हा जुना प्लग मागून घ्या आणि त्याचे टोक मुलांबरोबर उजेडात पाहा. तपकिरी असेल तर गाडी निर्धास्त चालवा. काळा, ओला किंवा पांढरा असेल तर मेकॅनिकला नवा प्लग बसवण्याआधी एवढेच विचारा, "हा असा का झाला?"